तेराव्यानंतरचे दिवस

आमच्या धाकट्या बंधूंचे देहावसान २०२३ सालच्या चैत्रात झाले. त्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे काजूच्या डोंगरावर गेले होते. दोन तासांनी खालच्या वाड्यावरचा एक मुलगा धावत आला आणि त्याने जे सांगितले ते पुरते ऐकण्याआधीच आम्ही अनवाणी डोंगराची वाट धरली. बंधू काजूच्या झाडाखाली बसल्यासारखे होते. शेजारी अर्धी भरलेली बादली होती. वय अवघे त्रेचाळीस. मागे वृद्ध आई, पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा.

लाटंबार्से हा आमचा गाव डिचोली तालुक्याच्या उत्तरेच्या कडेला आहे. पलीकडे दोडामार्ग लागतो व तेथून सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. सीमा कागदावर असेल. आमच्या सोयरिकी तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आहेत. त्यामुळे वार्ता पसरताच दोन्हीकडून माणसे येऊ लागली. त्या दिवशी आमच्या चुलीत विस्तव पडला नाही, तरी कोणी उपाशी राहिले नाही. शेजारच्या घरातून पेज आली, दुसऱ्या घरातून आईसाठी चहा आला. कोणी लाकडे आणली, कोणी उपाध्यायांकडे गेले. आम्हांस काही सुचत नव्हते आणि आम्ही काही सुचवावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली रीत आमच्या वतीने सर्व काही करीत होती.

ते तेरा दिवस आम्ही कसे काढले असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे : आम्ही ते काढले नाहीत, लोकांनी ते आमच्याकडून काढवून घेतले. प्रत्येक दिवसाला काही कर्तव्य नेमून दिलेले होते. दहाव्या दिवशी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत बसलो, तेव्हा आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविलेले आम्हीदेखील श्वास रोखून त्या काळ्या पाखराकडे पाहत होतो. बाराव्या दिवशी सपिंडीकरण झाले. तेराव्याला गोडाचे जेवण झाले. रोज संध्याकाळी ओसरीवर पंधरा-वीस माणसे बसत, बंधूंच्या आठवणी निघत, कोणी डोळे पुशी, कोणी एखादी गमतीची गोष्ट सांगून मध्येच हसे आणि मग ओशाळे.

मग चौदावा दिवस उजाडला.

या चौदाव्या दिवसाविषयी आपल्या कोणत्याही पोथीत काही लिहिलेले नाही. त्या दिवशी ओसरीवर कोणी आले नाही. यात कोणाचा दोष नव्हता. माणसांना आपापले संसार असतात, काजूचा हंगाम होता, मुलांच्या परीक्षा होत्या. परंतु संध्याकाळी दिवा लावून आई ओसरीवर येऊन बसली आणि फाटकाकडे पाहू लागली. बराच वेळ गेल्यावर ती आत निघून गेली. कोणी काही बोलले नाही. आमच्या दुःखाला खरा आरंभ त्या संध्याकाळी झाला, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

घरातील कर्ता पुरुष या नात्याने आम्ही मनाशी एक निश्चय केला होता. घर सावरायचे तर घरात रडारड नको, आणि रडारड नको तर आठवण नको. बंधूंची दुचाकी आम्ही मागच्या पडवीत नेऊन तिच्यावर गोणपाट टाकले. त्यांची छत्री, त्यांच्या चपला, टोकाला खिळा ठोकलेली बोंडे वेचण्याची काठी, सारे माळ्यावर गेले. आई त्यांचे नाव काढू लागली की आम्ही विषय पालटीत असू. भावजय स्वयंपाकघरात डोळ्यांना पदर लावताना दिसली की आम्ही खाकरून तेथून निघून जात असू आणि ती डोळे पुसून कामाला लागे. यालाच आम्ही धीर देणे समजत होतो. त्या वर्षी आमच्या डोंगरावरची बोंडे कोणी वेचली नाहीत. ती झाडाखाली पडून कुजली आणि पहिला पाऊस पडेपर्यंत तो आंबूस वास वाऱ्याबरोबर घरात येत राहिला.

आमच्या या कठोरपणामागे आणखी एक कारण होते. ते आम्ही कोणाजवळ बोललो नव्हतो. मृत्यूच्या आदल्या रात्री बंधूंनी जेवताना छातीत जळजळते असे म्हटले होते. 'पित्त झाले असेल, सोडा घे आणि नीज,' असे आम्ही त्यांना सांगितले होते. ते सोडा पिऊन निजले. या एवढ्याशा वाक्याचे ओझे घेऊन आम्ही महिनोन्महिने जागत होतो. रात्री दोनच्या सुमारास डोळे उघडत, गळा आवळल्यासारखा होई आणि छातीतून आपोआप मोठमोठे सुस्कारे निघत. आम्हांस वाटे, आता आपलीही पाळी आली. डॉक्टरांनी हृदय तपासले, रक्त तपासले. सारे ठीक निघाले.

घरात सर्वांत शांत होता तो आमचा पुतण्या. तो रडला नाही. बाप कोठे गेला हे त्याने विचारले नाही. लहान मूल आहे, विसरेल, असे सगळे म्हणत. परंतु जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि तक्रारी येऊ लागल्या. याने कोणाची वही फाडली, कोणाच्या दप्तरात पाणी ओतले. पूर्वी हा मुलगा वर्गातील सर्वांत शहाण्या मुलांत गणला जात असे. दुसरीही एक गोष्ट घडली. आषाढी एकादशीला आम्ही त्याला देवळात चल म्हणालो, तर तो खांबाला मिठी मारून उभा राहिला. ओढू लागलो तेव्हा त्याने आमच्या हाताचा चावा घेतला.

श्रावणात त्याच्या शिक्षिका घरी आल्या. आम्ही स्वतः छत्तीस वर्षे शाळेत घालविलेली, त्यामुळे त्या अत्यंत आदराने बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हा मुलगा खोडी काढतो आणि मग माझ्याकडे पाहतो. मी पाहिले की नाही याची खात्री करून घेतो. रागावले तर त्याला बरे वाटते. मला हे नेहमीचे वाटत नाही. तुम्ही सगळ्यांनी एकदा समुपदेशकाकडे जावे असे मला वाटते."

आम्हांस त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता आणि म्हणूनच संताप आला. "आमच्या घरात वेडे कोणी नाही," असे आम्ही म्हणालो. बाई खाली मान घालून उठल्या. जाताना त्यांनी भावजयीच्या हातात एक चिठ्ठी दिली, ती आम्ही पाहून न पाहिल्यासारखी केली.

त्या काळात मन फार अस्वस्थ झाले म्हणजे आम्ही देवळाच्या पायरीशी जाऊन बसत असू. एके दिवशी उपाध्याय भेटले. पुतण्याच्या बाबतीत देवीला कळ्या लावून कौल घ्यावा, असे आमच्या मनात होते. त्याला कोणाची नजर लागली असेल, काही बाधा असेल, तर देवी सांगेल. आम्ही तसे बोलून दाखविले आणि बोलता बोलता शिक्षिकेने सांगितलेली गोष्टही तोंडून निघून गेली. उपाध्यायांनी सर्व ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "गेल्या वर्षी तुमची दाढ दुखत होती, तेव्हा म्हापशाला दातांच्या डॉक्टरकडे जाताना कौल लावला होता काय?" आम्ही नाही म्हणालो. "मग याला कशाला लावता? देवीने त्या बाईंना तुमच्या दारी पाठविले, एवढा कौल पुरे नाही? मी तेरा दिवसांचा माणूस. मला जे ठाऊक आहे ते मी तेरा दिवसांत केले. पुढचे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जा."

वाचकहो, हे शब्द कोणा डॉक्टरने सांगितले असते तर आम्ही ऐकले नसते. ते देवळाच्या पायरीवर ऐकले, म्हणून ते आत उतरले.

पुढच्या आठवड्यात भावजय, पुतण्या आणि आम्ही असे तिघे कासारपालवरून अस्नोड्याच्या वाटेने म्हापशाला गेलो. समुपदेशिका आमच्या मुलीच्या वयाची होती. आमची अशी समजूत होती की ही बाई आता आम्हांला उपदेश करील, गीतेतील चार श्लोकांचा अर्थ सांगेल किंवा मन घट्ट करण्याच्या युक्त्या सांगेल. आम्ही मनातल्या मनात उत्तरेही तयार करून नेली होती. तिने तसे काहीच केले नाही. आम्ही एकटे आत गेल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि बंधूंविषयी एकच प्रश्न विचारला, "तांचें नांव कितें?"

चार महिन्यांत आम्ही ते नाव उच्चारले नव्हते. ओठ हलले, शब्द फुटला नाही. ती घाई न करता थांबली. मग म्हणाली, "तुमी उलयात, हांव आयकतां."

जन्मभर आम्ही मुलांना 'तुम्ही ऐका, मी बोलतो' असे सांगत आलो. उलट बाजूचे हे वाक्य, तेही आमच्या घरच्या बोलीत, आमच्यासाठी कोणी उच्चारले नव्हते. आम्ही नाव सांगितले. मग सोडा सांगितला. मग किती वेळ रडलो ते आठवत नाही.

'तुमचा काही दोष नाही' असे ती चटकन म्हणाली असती तर तो आम्हांस शिष्टाचार वाटला असता. तिने निराळेच केले. ती म्हणाली, "आज तुम्हाला जे ठाऊक आहे ते थोडा वेळ बाजूला ठेवा. त्या रात्री जेवताना तुम्हाला काय ठाऊक होते तेवढेच सांगा." आम्ही सांगू लागलो. बंधूंना पित्ताचा त्रास पूर्वीपासून होता. त्या दिवशी घरात तिखट जेवण होते. सोड्याने त्यांना यापूर्वी अनेकदा बरे वाटले होते. बोलता बोलता आमच्याच ध्यानात आले की त्या रात्रीचा मनुष्य आजच्या मनुष्याइतका शहाणा नव्हता, आणि त्याला दुष्ट म्हणणे न्यायाचे होणार नाही. ओझे उतरले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ते उचलून चालता येईल इतके झाले. येथे वाचकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. छातीत जळजळ किंवा दाब जाणवून घाम येऊ लागला, वेदना हातात किंवा जबड्यात उतरली, तर पित्त म्हणून स्वस्थ बसू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्ही ते शिकलो, पण उशिरा.

पुढे सवड मिळाली तेव्हा आम्ही या विषयावर काही वाचन केले. १९४२ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी कोकोनट ग्रोव्ह नावाच्या उपाहार-नृत्यगृहास आग लागून ४९२ माणसे दगावली. त्यांपैकी अनेकांच्या आप्तांशी बोलून एरिक लिंडेमान या मनोवैद्याने १९४४ साली शोकाच्या लक्षणांविषयी निबंध प्रसिद्ध केला. गळा आवळणे, श्वास अपुरा पडणे, वारंवार सुस्कारे, पोटात पोकळी, अंगातले त्राण जाणे, हे सर्व त्यात नोंदविलेले आहे. अपराधाची भावनाही आहे. आम्ही रात्री दोन वाजता ज्याला आपला अंत समजत होतो तो शोकाचाच शारीरिक आविष्कार होता. शोकाच्या पाच पायऱ्यांविषयी पुष्कळांनी ऐकले असेल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या विदुषीने १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणोन्मुख रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांनी त्या जिन्यासारख्या एकेक करून चढल्या पाहिजेत, असा काही नियम नाही. आमचे तर एका दिवसात चार वेळा चढणे-उतरणे होत असे.

पुतण्या त्या बाईंकडे एकटाच बसे. ती त्याला चित्रे काढायला देई, मातीचे प्राणी करू देई. काय बोलणे होते ते ती आम्हांस सांगत नसे आणि आम्हीही विचारायचे नाही असे ठरले होते. पाचव्या भेटीनंतर मात्र तिने, मुलाला विचारून आणि त्याची संमती घेऊन, आम्हांला व भावजयीला आत बोलाविले. बाप गेला त्या दिवशी घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाला जवळ घेऊन सांगितले होते, 'चांगली माणसे देवाला आवडतात, म्हणून तो त्यांना लवकर नेतो.' मुलाने त्यावर फार विचार केला होता. बाबा चांगले होते, देवाने नेले. आपण चांगले राहिलो तर आपल्यालाही नेईल. मग आई एकटी पडेल. म्हणून त्याने वाईट व्हायचे ठरविले होते आणि आपण वाईट झालो आहोत हे सर्वांना दिसेल अशी व्यवस्था तो करीत होता. देवळात जायचे नाही, कारण तेथे देव आपल्याला पाहील.

ते सांत्वनाचे वाक्य उच्चारणारे वडीलधारे आम्हीच होतो.

भावजयीने मुलाला कुशीत घेतले. आम्ही काय करावे हे कळेना. समुपदेशिकेने सांगितले की मुलांशी मृत्यूविषयी बोलताना साधे आणि खरे शब्द वापरावेत. 'देवाने नेले', 'झोपले', 'गावाला गेले' अशी वाक्ये मोठ्यांना मऊ वाटतात, पण मूल ती शब्दशः घेते. त्या रात्री आम्ही पुतण्याला अंगणात बसवून सांगितले, "बाळ, मी तुला चुकीचे सांगितले. तुझ्या बाबांच्या हृदयाला आजार झाला होता. तो आम्हांला कोणालाच कळला नाही. हृदय थांबले आणि बाबा मेले. ते चांगले होते म्हणून मेले नाहीत. चांगले असण्याची शिक्षा देव कोणाला देत नाही." त्याने तीन प्रश्न विचारले. बाबांना दुखले काय? मोठे बाबा, तुम्हीही मरणार काय? आता बोंडे कोण वेचणार? पहिल्याला आम्ही म्हणालो, थोडे दुखले असेल, फार वेळ नाही असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याला म्हणालो, होय, सर्वच मरतात, पण मी तू मोठा होईपर्यंत राहण्याचा प्रयत्न करीन, आणि आई आहे. तिसऱ्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही.

आता थोडे सर्वांच्या उपयोगाचे. समुपदेशन म्हणजे वेडाचा इलाज नव्हे हे आता आम्हांस कळले आहे. शोक हा आजारही नव्हे. बहुतेक माणसे घरच्या, शेजारच्या आणि देवाच्या आधाराने त्यातून वाट काढतात. परंतु काहींचा शोक महिनोन्महिने तितकाच तीव्र राहतो, दैनंदिन व्यवहार ठप्प करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा प्रदीर्घ शोकाला स्वतंत्र स्थान मिळाले असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. अमेरिकेतील मनोवैद्यांच्या त्याच वर्षीच्या ग्रंथात प्रौढांसाठी ती एक वर्षाची आहे. आपल्याकडेही वर्षश्राद्धापर्यंतचा काळ दुःखाचा मानतात. यावरून पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा डांगोरा आम्ही पिटणार नाही. माणसाचे मन दोन्हीकडे सारखेच आहे एवढेच त्यातून दिसते. मात्र मदत मागण्यासाठी कोणतीही मुदत भरण्याची वाट पाहावी लागत नाही. दुःखी माणूस जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नये.

ऐकण्याची ही विद्या शिकता येते, आणि त्याचा एक मोठा पुरावा आपल्या गोमंतकातच मिळाला. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. वैद्यकाची पदवी नसलेल्या सामान्य स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत येणाऱ्या उदास व चिंताग्रस्त रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून नेमले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याचा रुग्णांना लाभ झाला, हे २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे गोव्यातीलच दुसऱ्या एका प्रयोगात तीव्र औदासीन्याच्या रुग्णांना अशा समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनी फायदा झाल्याचे आढळले. हे प्रयोग शोकग्रस्तांपुरते नव्हते, हे खरे. तरी शांतपणे बसून ऐकणारा शिकलेला माणूस किती करू शकतो, ते त्यांतून जगाला दिसले. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये हेच सांगत होते की, संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसून ज्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते. पणजीच्या त्यांच्या पुतळ्यापुढून आम्ही कितीदा गेलो, पण हा अर्थ उमगला नव्हता.

ज्यांना म्हापसा-पणजी दूर वाटते, अथवा कोणी पाहील अशी लाज वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सेवा चालविली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो व अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. अधिक उपचारांची गरज असेल तर बांबोळीस मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तेथे जाण्यात दातांच्या डॉक्टरकडे जाण्याहून अधिक लाज नाही.

भावजयीविषयी लिहिताना हात आखडतो, तरी लिहिले पाहिजे. पतीच्या मृत्यूने तिचे जे गेले ते गेलेच. उरले होते त्यातलेही आपण काढून घेतले. दरवर्षी दिवजोत्सवात ती दिवा घेऊन चालत असे. त्या वर्षी वाद्यांचा आवाज ऐकू येताच ती मागच्या दाराने विहिरीकडे गेली आणि उत्सव संपेपर्यंत परतली नाही. समुपदेशिकेजवळ ती जे बोलली त्यातले एकच तिने आम्हांला सांगितले : "दादा, ते गेल्याचे दुःख मी सोसते. पण हळदीकुंकवाला मी समोर आले की बायका गप्प होतात, ते सोसवत नाही." कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो आदर्श घेण्याविषयी परिपत्रक काढले. आम्ही गावाचे ठराव करू शकत नाही, घराचा केला. घरातील मंगलकार्यात पहिला दिवा भावजय लावील, असे आईने स्वतः सांगितले. आई ८० वर्षांची आहे; ती स्वतः ३० वर्षे मागच्या दाराने गेली होती.

सुतकाच्या दिवसांत आपण देवळाची पायरी चढत नाही. ती रीत आहे आणि आम्ही ती पाळली. परंतु देवळाचा समाज आपल्या पायरीपर्यंत येऊ नये असे कोणत्या शास्त्रात आहे? तेरा दिवस तो येतोच. आमची विनंती एवढीच की त्याने चौदाव्या दिवशीही यावे. प्रत्येक देवस्थानाच्या मंडळींनी दोन-चार समजूतदार माणसे, त्यांत स्त्रियाही, या कामासाठी नेमावीत. त्यांनी दुःखी घरी महिन्यातून एकदा जावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्याविषयी विचारावे आणि मग ऐकत बसावे. उपदेश करू नये. त्यांतील एकदोघांनी समुपदेशनाचे प्राथमिक शिक्षण घेतले तर सोन्याहून पिवळे. आम्ही आमच्या वाड्यावर हे काम सुरू केले आहे. अजून अवघडल्यासारखे होते, कधी तोंडातून उपदेश निघतोच. परंतु फाटक वाजले की आतून कोणीतरी चटकन उठून येते, हे आम्ही पाहतो.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्यामुळे आमच्या दुःखाचे पहिले वर्ष पंचांगाप्रमाणेही तेरा महिन्यांचे झाले. २०२४ च्या चैत्रात वर्षश्राद्ध केले. सपिंडीकरणाने प्रेताचा पितर होतो, असे उपाध्यायांनी पहिल्या वर्षी सांगितले होते, ते तेव्हा कानावरून गेले होते. आता त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की गेलेल्याशी संबंध तुटत नाही, त्याचे रूप पालटते. पाश्चात्त्य मानसशास्त्रात, गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य, असा विचार फ्रॉइडने १९१७ साली मांडला व तो दीर्घकाळ मान्य होता. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दाखविले की मृतांशी नाते राखूनही माणसे निरोगी जगतात. भाद्रपदात आपण म्हाळ घालून पितरांना जेवायला बोलावतो, त्यात हेच नाते असते. यंदा म्हाळाच्या दिवशी आमच्या घरी बंधूंच्या आवडीची तिखट आमटी झाली. कोणी विषय पालटला नाही.

वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात एके पहाटे पुतण्या आम्हांला उठवायला आला. त्याच्या हातात ती माळ्यावरची काठी होती. आईकडून मागून घेतली म्हणाला. आम्ही बादली घेतली. डोंगरावर त्या झाडापाशी पोहोचलो तेव्हा तो थोडा थांबला, आमच्याकडे पाहिले, आणि मग खाली वाकून पहिले बोंड वेचले. बी पिळून काढताना त्याच्या हातून ती निसटली व पानांत हरवली. "बाबांची पण अशीच हरवायची काय?" त्याने विचारले.

"पुष्कळदा," आम्ही म्हणालो, आणि बंधूंचे नाव घेऊन ती गोष्ट त्याला सांगू लागलो.